लस घेतलेल्या सिस्टरचा खाडा

"दोन डोस घेतले, वर बूस्टर घेतला, तरी तिला तीनदा कोविड झालाच ना? मग लशीचा उपयोग काय झाला?" कोविडचा विषय निघाला की ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत हे वाक्य ठरलेलं आहे. त्यातली 'ती' बहुतेक वेळा कुठल्या तरी रुग्णालयातली सिस्टर असते. कुणाची वहिनी, कुणाची शेजारीण. समोरून येणारं उत्तरही ठरलेलं: "लस नसती तर ती आज नसती." मग २०२४ सालच्या कोव्हिशील्डच्या बातम्या बाहेर निघतात, कुणाच्या तरी तरुण भाच्याचा हार्ट अटॅक निघतो, दुसऱ्या बाजूने 'तुमचा विज्ञानावर विश्वास नाही का' असा दम भरला जातो, आणि सगळे आपापल्या जागी परत जातात. दोन्ही पक्षांनी त्या सिस्टरचा दाखला वापरून घेतलेला असतो. ती घरी पडून होती त्या दिवसांचा पगार तिला मिळाला का, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी लस घ्यायला हवी होती, आणि २०२१ मध्ये रुग्णालयांनी तशी अट घातली असेल तर ती रास्त होती. पण लशीचं मुख्य काम कर्मचाऱ्याला आयसीयूपासून आणि मरणापासून वाचवणं हे होतं. रुग्णालयात संसर्ग पसरू न देणं हे काम रुग्णालयाचं. ते खेळत्या हवेने, चांगल्या मास्कने, तपासणीने आणि पगारी रजेने होतं. लस आली आणि आपण हे दुसरं कामही तिच्याच गळ्यात अडकवलं. 'लस फसली' म्हणणारे आणि 'आमच्याकडे शंभर टक्के लसीकरण झालंय, आता चिंता नाही' म्हणणारे व्यवस्थापक, दोघांची अपेक्षा एकच होती आणि ती चुकीची होती. म्हणून माझा पुढचा मुद्दा थोडा टोकदार आहे: जिथे पॉझिटिव्ह आल्यावर खाडा पडतो, तिथल्या मालकाला दंडावर सुई टोचून घेण्याची सक्ती करायचा अधिकार नाही.

आधी 'तरी झालाच ना' याचा हिशोब करू. एका रुग्णालयात हजार कर्मचारी आहेत असं धरा. साडेनऊशे लसवंत, पन्नास जणांनी लस घेतलेली नाही. लाट आली. न घेतलेल्यांत शंभरातल्या वीस जणांना संसर्ग झाला, घेतलेल्यांत शंभरातल्या आठ जणांना. म्हणजे न घेतलेले बाधित १० आणि घेतलेले बाधित ७६. एकूण ८६ बाधितांपैकी ७६ लसवंत! व्हॉट्सअॅपवर फिरवायला याहून झकास आकडा मिळणार नाही, आणि तरी या काल्पनिक रुग्णालयात लशीने संसर्गाचा धोका निम्म्याच्या खाली आणलेला आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात ४६९ रुग्ण सापडले आणि त्यातले ७४ टक्के पूर्ण लसवंत निघाले, तेव्हा जगभर अशीच ओरड झाली होती. बाधितांत लसवंत किती, हा प्रश्न ऐकायला अचूक वाटतो. विचारायचा प्रश्न मात्र लसवंतांत बाधित किती, आणि त्यातले गंभीर किती, हा आहे.

त्याचं उत्तर आपल्याच देशातल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांनी दिलेलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दुसऱ्या लाटेत आपल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली. दोन्ही डोस घेतलेले ७,०८० होते. त्यातल्या ६७९ जणांना संसर्ग झाला, म्हणजे शंभरात जवळपास दहा. हा आकडा लपवण्यासारखा नाही. डेल्टाच्या काळात दोन डोस घेऊनही दहातल्या एकाला कोविड झालाच. पण दाखल करावं लागलं ६४ जणांना, ऑक्सिजन लागला ४ जणांना, आयसीयू २ जणांना, आणि त्यांच्यातलं कुणी दगावलं नाही. न घेतलेल्यांशी तुलना केली तर संसर्गापासूनचं संरक्षण ६५ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासूनचं ९२ टक्के आणि आयसीयूपासूनचं ९४ टक्के. हे अभ्यास म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग नसतात, लस घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळ्या स्वभावाचे असू शकतात, हे मान्य. तरीही ६५ आणि ९४ या दोन आकड्यांतलं अंतर पुरेसं बोलकं आहे. दंडात दिलेली लस रक्तात अँटीबॉडी तयार करते. त्या फुप्फुसं सांभाळतात, पण नाका-घशाच्या ओल्या अस्तरावर त्यांचा पहारा विरळ असतो आणि काही महिन्यांत आणखी विरळ होतो. विषाणू नाकात शिरतो, वाढतो, स्वॅब पॉझिटिव्ह येतो. फुप्फुसापर्यंत जाताना मात्र त्याला शरीराची स्मरणशक्ती आडवी येते.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. ज्यांना एकदा कोविड होऊन गेला त्यांना लशीइतकंच, काही वेळा जास्त संरक्षण मिळालं होतं. मग त्यांच्यावर दोन डोसांचा आग्रह कशाला? हा मुद्दा खोटा नाही, आणि तो उडवून लावणाऱ्यांनी लसीकरणाचं नुकसानच केलं. ब्रिटनमधल्या हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी करणाऱ्या 'सायरन' अभ्यासात, एकदा संसर्ग झालेल्यांना पुन्हा होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे जून-जुलै २०२१ मधल्या आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात ८५ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या. त्या लशीच्याही होत्या आणि आजाराच्याही. ज्या मावशीने २०२० चा मे महिना कोविड वॉर्डात लाद्या पुसत काढला आणि जूनमध्ये स्वतः आजारी पडली, तिला 'तुमच्या आजाराला आम्ही मोजत नाही' असं सांगणं शास्त्रालाही धरून नव्हतं आणि माणुसकीलाही.

पण या मुद्द्याला एक खोट आहे. आजारातून मिळालेल्या प्रतिकारशक्तीचा हिशोब आजारातून उठलेल्यांवरच होतो. जे उठले नाहीत ते त्या ८४ टक्क्यांत कुठेच नाहीत. इंडियन मेडिकल असोसिएशनने दोन लाटांत मिळून दीड हजारांवर डॉक्टरांचे मृत्यू नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेचा मे २०२१ पर्यंतचा जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा अंदाज १ लाख १५ हजारांच्या आसपास होता. ही त्या 'नैसर्गिक' संरक्षणाची फी. आणि ती भरली तरी दुसऱ्या खेपेची हमी नव्हती. २०२० मध्येच मुंबईच्या नायर आणि हिंदुजा रुग्णालयांतल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांना पुन्हा संसर्ग झाल्याचं विषाणूच्या जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, आणि त्यांचा दुसरा आजार पहिल्यापेक्षा जास्त त्रासाचा होता. डेल्टा गेला, ओमायक्रॉन आला, तेव्हा संसर्ग रोखण्याची जुनी आजारपणाची शिदोरीही लशीसारखीच आटली. गंभीर आजारापासूनचं संरक्षण दोन्हींचं टिकलं. ओमायक्रॉनचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण आपल्या कल्याण-डोंबिवलीत सापडला, तो डिसेंबर २०२१. पुढच्या महिन्यात मुंबईत शेकडो निवासी डॉक्टर पॉझिटिव्ह होते. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा तिसरा डोस सुरू झाला १० जानेवारी २०२२ ला, म्हणजे लाट अंगावर आल्यानंतर.

दुष्परिणामांचं काय? कोव्हिशील्डने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात आणि प्लेटलेट घसरतात, हे २०२४ मध्ये न्यायालयीन कागदातून 'उघडकीला' आलं असं आपल्याला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्येच तिशीच्या आतल्यांना आणि मे मध्ये चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या असं जाहीर केलं होतं. आपल्या सरकारने मे २०२१ मध्ये दहा लाख डोसांमागे ०.६१ असा आकडा दिला. आपल्याकडे नोंदीच इतक्या विस्कळीत असतात की तो आकडा कमीच असणार, असं माझं मत आहे. आणि जानेवारी २०२१ मध्ये रांगेत पहिल्या उभ्या केलेल्या बावीस-पंचवीस वर्षांच्या शिकाऊ नर्सना हा धोका पुढे कळल्यावरही कुणी समजावून सांगितला नाही, ही खरी तक्रार आहे. अचानक मृत्यूंचा मुद्दा वेगळा. १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा आयसीएमआरने अभ्यास केला, त्यात लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. पूर्वी कोविडने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत आणि घराण्यात असे मृत्यू असलेल्यांत तो वाढलेला दिसला. भाच्याचं दुःख खरं असतं. त्यामागचं कारण मात्र सुईच असेल असं नाही.

मग लशीबद्दल एवढा अविश्वास आला कुठून? निम्मा तरी आम्हा लससमर्थकांच्या बाजूने पेरलेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलमध्ये बसायला दोन डोस आणि वर चौदा दिवस अशी अट आली. ठाणे, कळवा, दिवा, ऐरोली, जिथून माणसं रोज लोकलला लटकून कामाला जातात, तिथे या अटीने एकच धडा शिकवला: प्रमाणपत्र असलेला माणूस संसर्ग पसरवत नाही. तोवर डेल्टाने हा धडा खोटा पाडलेला होता. लस पोट भरण्याचा परवाना बनली, आणि परवाना असूनही कोविड झाला तेव्हा लोकांनी लशीलाच खोटं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ ला जेकब पुलियेल खटल्यात लसीकरणाचं धोरण गैर नाही म्हटलं, पण कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, आणि त्या वेळी लस न घेतलेल्यांवर असलेले निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत, असंही सांगितलं. दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसमोर ठेवा, हेही त्याच निकालात होतं. दोन्ही गट या निकालातलं आपल्या सोयीचं वाक्य तेवढं वाचून दाखवतात.

अर्धवट संरक्षण देणारी लस ही काही नवलाची गोष्ट नव्हे, निदान मुंबई परिसराला तरी नाही. १० जानेवारी १८९७ ला वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. टोचलेल्यांतही प्लेग झाला. न टोचलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी. 'झालाच ना' असा निकष तेव्हा लावला असता तर ती लस त्या तुरुंगातच संपली असती. ती पुढे अडखळली ती वेगळ्याच कारणाने. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एका बाटलीतल्या लशीने १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला आणि त्याचं नाव धुऊन निघायला १९०७ साल उजाडलं. चौकशी रेंगाळली की अफवेला पाय फुटतात, हे आपल्याला तेव्हापासून माहीत असायला हवं होतं.

त्याच १८९७ सालचा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा फडताळातून काढला गेला. नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना नोटिसा दिल्या: दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. एका डॉक्टरने दवाखाना उघडा ठेवला आणि जून २०२० मध्ये कोविडने त्यांचा मृत्यू झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने जाहीर केलेल्या ५० लाखांच्या विम्यासाठी पत्नीने अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण सरकारने त्यांची सेवा कोविडसाठी खास मागवलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या वेळच्या आदेशांकडे पाहता डॉक्टरांच्या सेवा मागवल्याच गेल्या होत्या. आता प्रत्येक दावा पुरावा पाहून ठरवा. साडेपाच वर्षं! दवाखाना उघडायला लावताना कायदा एका दिवसात लागू होतो, त्याची भरपाई द्यायची वेळ आली की त्याच कायद्याचा कीस पाडला जातो. आणि हे तर दवाखान्याची पाटी असलेल्या डॉक्टरचं. वॉर्डबॉयच्या बायकोने कुठल्या न्यायालयात जायचं?

इथे मला त्या सिस्टरच्या खाड्याकडे यायचं आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या, कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याचं तिसरं परिशिष्ट कधी उघडून पाहा. व्यवसायजन्य आजारांच्या यादीत अगदी वर संसर्गजन्य रोग आहेत, आणि त्यासमोर आरोग्यसेवेतलं व प्रयोगशाळेतलं काम लिहिलेलं आहे. म्हणजे रुग्णालयात लागलेला संसर्ग हा कामामुळे झालेला आजार आहे, ही गोष्ट आपल्या कायद्याने कोविडच्या कितीतरी आधी मान्य केलेली होती. प्रत्यक्षात काय झालं? विलगीकरणाचे दिवस रजा न धरता ड्युटी धरा, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राच्या गळी उतरवावं लागलं. कंत्राटी माणसापर्यंत ते पोचलंच नाही. ज्यांना ईएसआय (कामगार राज्य विमा) आहे, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत पगार आणि ठेकेदाराने खरोखर नाव नोंदवलेलं, त्यांना आजारपणात ७० टक्के वेतन मिळतं, पण पहिले दोन दिवस सोडून. लशीमुळे आजार सौम्य झाला, चार दिवसांत ताप उतरला, की हातात पडतात दोन दिवसांचे ७० टक्के, तेही वागळे इस्टेटच्या नाहीतर वाशीच्या कामगार रुग्णालयाच्या रांगेत उभं राहून. मग ती काय करेल? पॅरासिटामॉल घेईल, मास्क वर ओढेल आणि ड्युटीला जाईल. स्वॅब देणारच नाही. लशीने तिचा आजार सौम्य केला, आणि त्या सौम्यपणाचा फायदा उठवून आपण तिला केमोथेरपीच्या वॉर्डात उभं केलं. रुग्णापर्यंत संसर्ग गेला तो लशीच्या अपयशामुळे की पगारपत्रकामुळे?

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो व्यवस्थापनाकडून येतो. सर्दी झाली म्हणून प्रत्येकाला पगारी रजा दिली तर ऐन लाटेत वॉर्ड चालवणार कोण? जानेवारी २०२२ मध्ये हा प्रश्न पोकळ नव्हता. एका वेळी एवढे लोक पॉझिटिव्ह होते की उरलेल्यांच्या सलग दोन-दोन ड्युट्या लागत होत्या. तेव्हा विलगीकरण सात दिवसांवर आणलं गेलं, तेही चुकीचं म्हणवत नाही. पण मनुष्यबळ इतकं काटकसरीने ठेवायचं की चार माणसं आजारी पडली की वॉर्ड कोलमडावा, हा निर्णय विषाणूने घेतलेला नव्हता. २०२० मध्ये ठाण्यातल्या बाळकुमला हजार खाटांचं कोविड रुग्णालय काही आठवड्यांत उभं राहिलं, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा लागल्या, तिथे माणसं भरली ती तात्पुरती. लाट ओसरल्यावर त्यांना घरी पाठवलं. इमारतीला आणि ऑक्सिजनच्या टाकीला पैसा सापडतो, राखीव सिस्टरला सापडत नाही.

'लशीची अट म्हणजे स्वातंत्र्यावर घाला' हे रुग्णालयाच्या संदर्भात मला पटत नाही, तेही सांगायला हवं. नर्सिंगला गेलेल्या मुलीला हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्यायला सांगतात तेव्हा कुणी मोर्चा काढत नाही. कामाच्या ठिकाणी धोका आहे आणि त्यापासूनचं संरक्षण मालकाने द्यायचं, कामगाराने वापरायचं, हा सौदा आपल्याला मान्य असतो. मात्र तो सौदा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. त्याच रुग्णालयात सुया भरलेल्या पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला तेच तीन डोस मिळाले का, हे विचारून पाहा. अनेक ठिकाणी उत्तर टाळलं जाईल. आणि सुई एकदा टोचली की ती एप्रनसारखी काढून ठेवता येत नाही, म्हणून लशीच्या अटीसोबत मालकाचं देणंही जास्त हवं: दुष्परिणाम झाला तर उपचाराचा सगळा खर्च, आणि भरपाईसाठी ज्याला-त्याला न्यायालयात जावं लागू नये. आज, इतक्या लाटांनंतर, धडधाकट तिशीतल्या सिस्टरवर दरवर्षीच्या बूस्टरची सक्ती करण्याला मी विरोधच करेन. तिच्या शरीराला या विषाणूची पुरेशी ओळख झालेली आहे. पण पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या मावशीला तो फुकट, ड्युटीच्या वेळेत आणि दुसऱ्या दिवशीच्या पगारी सुट्टीसह मिळायला हवा.

नोंदींचं तर बोलायलाच नको. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की किती आरोग्य कर्मचारी बाधित झाले, किती दगावले, याची माहिती केंद्र ठेवत नाही; आरोग्य हा राज्यांचा विषय. डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या माणसांची यादी स्वतः केली. सिस्टर, ब्रदर, मावशी, लॅब टेक्निशियन, शवागारातला माणूस, यांची यादी कुणी केली? २२ मार्चला थाळ्या वाजवणारा देश त्यांची मोजदाद करू शकला नाही. वेल्लोरने आपल्या कर्मचाऱ्यांची मोजदाद केली म्हणून आज आपल्याकडे ६५ आणि ९४ हे आकडे आहेत. कळव्यात, ठाणे सिव्हिलला, वाशी-नेरुळ-ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत तेवढीच माणसं तितक्याच धोक्यात राबली. त्यांना किती वेळा झाला, कुठला डोस कधी घेतला होता, किती दिवस घरी होते, याचा एकत्र तक्ता मी तरी कुठे छापून आलेला पाहिला नाही.

मे २०२५ मध्ये कोविडचे रुग्ण पुन्हा दिसू लागले तेव्हा पुन्हा तीच चर्चा झाली, तोच हार्ट अटॅक, तोच दम. पुढच्या वेळी होईल तेव्हा तिला जरा कामाला लावता येईल. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका रुग्णालयांची सफाई, सुरक्षा, वॉर्डबॉय, मावशी यांच्यासाठी कंत्राटं काढतात. त्या निविदेत तीन ओळी घालायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही: कामावर संसर्ग झाला तर पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार, कोविड, फ्लू आणि हिपॅटायटिस बीची लस ठेकेदाराच्या खर्चाने आणि कामाच्या वेळेत, आणि वर्षाअखेरीला किती जण बाधित झाले, किती दिवस रजेवर होते याचा तक्ता महासभेपुढे. ठेकेदार म्हणतील, दर वाढतील. वाढतील. किती वाढतील ते निविदा उघडल्यावर आकड्यात दिसेल आणि त्यावर नगरसेवकांना भांडता येईल. सध्या तो खर्च मुंब्र्याची नाहीतर तुर्भ्याची एखादी मावशी स्वतःच्या पगारातून भरते, आणि कुठल्याही अंदाजपत्रकात त्याची ओळ नाही.